शेवटच्या आमेनपर्यंत

सरकीच्या पेंडीचा वास आला की मला बदनापूरजवळच्या एका खेड्यातली सकाळ आठवते. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही सात ख्रिस्ती तरुण मिशनच्या बैलगाडीने जालन्याहून सुवार्ता सांगायला आलो होतो आणि बाविसाव्या वर्षीच मी सगळ्यांचा पुढारी झालो होतो. बाहेर कडुनिंबाखाली बैल पेंड खात होते, आत मुक्कामाच्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून आमची साखळी-प्रार्थना चालली होती. एकाची संपली की दुसऱ्याने सुरू करायची, शेवटच्या आमेनपर्यंत कुणी उठायचं नाही, हा नियम माझाच. दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना दारातून आवाज आला, "मास्तर, बायको कालपासून अडली. दवाखान्यात न्यायला गाडी द्या, जल्दी." मी डोळे न उघडताच हात वर करून त्याला थांबवलं. बाकीच्यांनीही ऐकलं होतं, पण पुढारी उठला नाही म्हणून कुणीच उठलं नाही. त्या दिवशी पोरांना कधी नव्हे एवढे शब्द सुचले; एकाने तर आफ्रिकेसाठीही मागून घेतलं. तासाभराने डोळे उघडले, तर तो माणूस, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय असं समजून, उंबऱ्याशी आमच्यासारखेच गुडघे टेकून बसला होता. मागून एक म्हातारी आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ऊठ बाबा. गाडी न्हाई लागत आता." माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आजही चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली की सगळे डोळे मिटतात. मी दाराकडे बघत बसतो.