रंध्यावरची पाळी

मामंजी मला न्यायला आले, तेव्हा मी आजारी पडायचं ठरवून टाकलं होतं. पण माझी सगळी खोटी दुखणी आईला तोंडपाठ होती. तिनं बाळाच्या डोळ्यांत काजळ घातलं, माझं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "दिल्या घरी सुखानं नांदावं." मला जायचं नव्हतं. गोष्ट एवढीच होती, आणि ती सांगून काही उपयोग नव्हता.

माहेर माझं अकोले तालुक्याच्या डोंगरात, रंधा धबधब्याच्या वरच्या अंगाला, आणि सासर पार नगरच्याही पलीकडे, जामखेडकडं. जिल्हा एकच, म्हणून हे स्थळ 'जवळचं' ठरवणाऱ्या मध्यस्थाला काय म्हणावं! आमच्याकडे पावसाळ्यात चुलीपुढची जमीनसुद्धा ओली. तिकडे एक विहीर भावाभावांत सामायिक आणि तिच्या पाण्याला पाळी लावलेली. आज थोरल्याची पाळी, उद्या मधल्याची, परवा आमची. लोक पाण्यासारखा पैसा खर्च झाला म्हणतात. माझ्या सासरी पैशासारखं पाणी म्हणायला हवं होतं. नवी नवरी म्हणून गेले आणि भांडी विसळलेलं पाणी ऐटीत अंगणात फेकून दिलं. ते म्हशीचं होतं, मला काय ठाऊक! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. 'धबधब्याची पोर' हे नाव मला त्याच दिवशी पडलं आणि पुढे उठताबसता ऐकावं लागलं.

बाळंतपणाला माहेरी आले ती राहिलेच. आधी बाळ लहान म्हणून, मग पाऊस फार म्हणून, असे निरोप पाठवत राहिले. शेवटी श्रावणात मामंजी स्वतःच दारात उभे राहिले. साल एकाहत्तर असावं.

एसटी रंध्याजवळच्या सडकेवर मिळायची. तिथवर डोंगरउतारानं चालत जायचं. मामंजींनी गाठोडं डोक्यावर घेतलं, मी बाळाला घेतलं, आणि आम्ही निघालो. मी मुद्दाम तोंड फुगवून चालले होते. पहिल्याच वळणावर कड्यावरून पाणी पडून वाटेवर आलं होतं. मामंजी थांबले. वहाणा काढून हातात घेतल्या, पाणी ओलांडलं आणि पलीकडे जाऊन नमस्कार केला. पुढच्या धबधब्यापाशी ओंजळ धरून प्यायले. तिसऱ्यापाशी तर गाठोडं खाली ठेवून वरपासून खालपर्यंत बघत उभे राहिले.

"ह्येचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"याला नाव नाही. पावसाळ्यापुरता असतो."

"एवढ्या पान्याला नाव न्हाई?" त्यांना ते पटेना. "आमच्याकडं कोरड्या वढ्यालाबी नाव हाय."

मला हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. एकदा हसलं की राग गेला असं माणसं धरून चालतात.

सडकेला लागलो तर गाडीला अजून अवकाश होता. कुडाच्या हॉटेलात चहा उकळत होता. गाठोडं तिथं ठेवून मी त्यांना धबधबा दाखवायला नेलं. खरं तर त्यांना दाखवण्यापेक्षा मलाच एकदा डोळे भरून बघून घ्यायचा होता. प्रवरा खडकांतून गर्दी करत येते आणि एकदम खालच्या दरीत उडी घेते. तुषार आमच्या अंगावर येत होते. बाळ रडायचं विसरून तोंड उघडून बघत होतं, आणि मामंजींचंही तसंच झालं होतं.

बऱ्याच वेळानं हॉटेलवाला किटली घेऊन आमच्यापाशी आला आणि मामंजींच्या हातात चहाचा कप दिला. मामंजींनी पाण्यावरची नजर न काढता त्याला विचारलं, "आज पाळी कुनाची हाय?"

"आँ?" हॉटेलवाला म्हणाला.

"पाळी, पाळी! कुनाची चालू हाय?"

आमच्या डोंगरात भाताला पाणी आभाळच देतं. वाटून घ्यायची वेळ कुणावर येत नाही. त्यामुळे तिथं पाळीचा अर्थ एकच, आणि तो बायकासुद्धा आपसांत कुजबुजून बोलायच्या. हॉटेलवाल्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि "घरात बायांना इचारा, बाबा," असं पुटपुटत किटलीसकट पळाला.

मग मात्र मला राहवेना. तोंडात पदर कोंबला तरी हसू बाहेर सांडत होतं. मामंजी गोंधळून माझ्याकडे बघत होते. "काय चुकलं माझं?"

आता सासऱ्याला हे कसं समजावून सांगायचं? मी कसंबसं म्हटलं, "इथं पाळी नसते, मामंजी. हे पाणी कुणाच्याच पाळीचं नाही. ज्याला हवं त्यानं घ्यावं."

"कुनाच्याच न्हाई?"

ते खडकावर बसले. चहा हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "एका पाळीपायी थोरल्या भावाशी बोलत न्हाई मी. आई गेली, तवाबी बोललो न्हाई. दोगं तिच्या दोन अंगाला बसून हुतो."

मी हसायची थांबले.

"आन् तू ह्यातनं उठून आमच्याकडं आलीस," ते म्हणाले. "तुला आमी सांडलेल्या पान्यावरनं बोललो."

"असू द्या, मामंजी."

"घरनं निघताना ठरवलं हुतं, हिला घिऊनच यायचं. आता 'चल' म्हनायला तोंड ऱ्हायलं न्हाई. तुला यायचंय का, पोरी? नसल यायचं, तर तसं सांग. घरी मी सांगतो, मीच आनली न्हाई म्हनून."

लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मुलाकडच्यांनी विचारलं ते माझ्या वडिलांना. सकाळी गाठोडं बांधताना जन्मदात्या आईनंही विचारलं नव्हतं. आणि हा मळक्या फेट्यातला माणूस, ज्याच्यापुढे मी कधी मान वर केली नव्हती, माझ्या उत्तराची वाट बघत बसला होता. तिकडे पाणी नव्हतंच. सासूबाईंची जीभही तीच असणार होती. हे सगळं मला दिसत होतं, तरी त्या क्षणी मला त्यांची इतकी माया वाटली की डोळ्यांतलं पाणी आवरेना. माझ्या वडिलांवरसुद्धा माझा एवढा जीव कधी जडला नव्हता, हे आज लिहायला हरकत नाही.

सडकेवर गाडीचा हॉर्न वाजला. मामंजी उठले, पण पुढे होईनात. मी बाळाला त्यांच्या हातात दिलं, हॉटेलातून गाठोडं उचललं आणि त्यांच्याआधी गाडीत चढले. ते मागून येऊन शेजारी बसले, बाळाला छातीशी धरून.

"कुठं जायचं, बाबा?" कंडक्टरनं त्यांना विचारलं. ते माझ्याकडे बघू लागले.

"दोन नगर," मी म्हणाले.