सातव्या परिच्छेदातलं 'मान्य'

मावशीचा लेखी जवाब दाखल करायची ती शेवटची मुदत होती आणि मी अकोल्याच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानात लॅपटॉप उघडून बसले होते. मी अमरावतीला वकिली करते. भाचीच वकील, म्हणून मावशीनं दुसरा कोणी पाहिलाच नाही. या विश्वासाचं मला तेव्हाही ओझंच वाटत होतं.

दावा तिच्या दिरानं लावला होता. नवरा वारल्यावर वहिनीनं आपल्या मर्जीनं घरावरचा हक्क सोडला, आता तिनं घर खाली करावं, असं त्याचं म्हणणं.

आमच्याकडे जवाबाची एक रीत असते. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला त्याच क्रमांकानं उत्तर द्यायचं. मजकूर पुन्हा लिहीत बसायचं नाही, नुसतं मान्य की अमान्य. सहाव्यात 'वादी हा मयताचा सख्खा भाऊ' एवढंच होतं. ते मान्य. सातव्यात हक्क सोडल्याची थाप होती. ती साफ अमान्य.

सह्यांच्या वेळी मावशी अडून बसली.

"सासूचं हागणंमुतणं मी काढलं. हे काऊन नाई लिवलं व?"

"मावशी, कोर्टाला त्याचं काय घेणंदेणं?"

"मले हाये."

तिच्यापुढे माझी वकिली कधीच चालत नाही. चौथ्या परिच्छेदाखाली एंटर मारला, सासूच्या सेवेचं एक वाक्य टाकलं, प्रिंट काढली. मावशीनं चष्मा चढवला, पेन उघडलं. मी सहज पान चाळलं आणि सातव्यावर थबकले.

'७. या परिच्छेदातील मजकूर खरा असून प्रतिवादीस मान्य आहे.'

एंटर मारताच कम्प्युटरनं नव्या वाक्याला आपणहून पाच नंबर देऊन टाकला होता आणि खालचं सगळं एकेक घर पुढे सरकवलं होतं. सहाव्याचं 'मान्य' सातव्यावर जाऊन बसलं होतं.

"थांब! सही करू नको!" मी ओरडलेच.

नंबर खोडला, हातानं टाकला, एंटर मारला. यंत्रानं पुन्हा आपलीच मोजणी सुरू केली. उंटावरचा शहाणा मेला! समोर कोर्टात आमच्या नावाचा पुकारा कधीही होईल, या धास्तीनं बोटं चुकीची बटणं दाबत होती.

"ताई, आटपा न, मांगं लाइन लागून राहिली," दुकानदार म्हणाला. मी त्याच्यावर विनाकारण खेकसले.

शेवटी सेटिंगमध्ये शिरले. ऑटोकरेक्ट, त्याच्या आत ऑटोफॉरमॅट, त्याच्या आत आपोआप क्रमांक देण्याची चौकट. तिच्यातली खूण काढली. मग साऱ्या मजकुराचे क्रमांक पुसून टाकले आणि मावशीच्या हातात दाव्याची प्रत दिली. ती आकडा वाची, मी तो हातानं टाइप करून उत्तर सांगे.

"सहा?"

"मान्य."

"सात?"

"अमान्य."

"पुन्यांदा पाह्य."

पुन्हा पाहिलं. अमान्यच होतं.

कम्प्युटरच्या त्या सवयीनं काय घडलं असतं ते सांगितल्यावर मावशी जराशी हसली. "मले न इचारता माह्यं 'हो' लिवाची सवय सगळ्यायलेच हाये, माय. याची बंद तरी कराले येते."

नव्या प्रतीवर मावशीनं सही केली, पुकारा झाला, जवाब दाखल झाला, पुढची तारीख मिळाली. निकाल काय लागेल ते मला तेव्हाही सांगता येत नव्हतं. मी बस स्टँडकडे वळले, तर मावशीनं मनगट धरलं. कमरेची किल्ली चाचपली.

"जेवून जाय. घर अजून माह्यंच हाये."