सैल बांगड्या

“चाचा, तुमचं हृदय नऊ मिनिटं बंद होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

नागपूरच्या दवाखान्यात आयसीयूच्या खाटेवर मी पडून होतो. घशातली नळी आदल्या दिवशीच काढली होती. माझ्या दुखण्याचं नाव त्यांनी सांगितलं, कार्डिॲक अरेस्ट. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणं. अरेस्ट म्हणजे हृदयानं रक्त ढकलणंच थांबवणं. माझं पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलं होतं.

“मग नऊ मिनिटं ते काम कोणी केलं?” मी विचारलं.

“सुजाता सिस्टरनं. तिच्या दोन हातांनी आणि एका मोबाइलनं.”

हे मी माझ्यासारख्यांसाठी लिहितो आहे. माझं नाव रशीद. चामोर्शीच्या आठवडी बाजारात तीस वर्षं बांगड्या भरतो. माझी एक घमेंड होती. मी भरलेली बांगडी मनगटावरून निघत नाही. दोन-सहाच्या हाताला मी एक नंबर लहान, दोन-चारची बांगडी बसवणार आणि बाईला कळूही देणार नाही. यात जादू काही नाही. हात दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. “हात ढिला सोड बाई,” हे वाक्य मी दिवसभर बोलतो.

आधी तीन दिवस माझा जबडा दुखत होता. बांगड्यांची पेटी उचलली की घाम फुटायचा. मी गॅस समजून सोडा प्यायलो. तुम्ही पिऊ नका. सरळ जाऊन ईसीजी काढा, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागद. ते काम पाच मिनिटांचं आहे, पण मला तेव्हा ते कोण सांगणार आणि मी तरी कुठला ऐकणार.

त्या सकाळी सुजाता लग्नाचा हिरवा चुडा भरायला आली. ती आरोग्य केंद्रात नर्स आहे. लग्न सहा दिवसांवर होतं.

“चाचा, एक नंबर मोठ्या द्या ना,” ती म्हणाली. “ड्युटीवर काढा लागतात मले.”

“लग्नाचा चुडा कोनी काढते का?” मी हसून म्हटलं आणि दोन-चारच भरल्या. दोन्ही हातांत बारा-बारा. शेवटची बांगडी चढली. तिचा हात माझ्या हातात होता. मग तो हात लांब जाऊ लागला आणि बाजारातला कालवा विरघळून गेला.

पुढं काय दिसलं, हे लोक मला अजून विचारतात. मी आपलं दिसलं ते सांगतो. बांगडी उन्हासमोर धरल्यावर दिसतो तसला हिरवा उजेड होता. पाण्यानं भरलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धान उभं होतं आणि प्रत्येक ओळीतून एकेक हात वर आला होता. मी चालत होतो, पाय भिजत नव्हते. कुठून तरी टिक टिक येत होती, आणि काच किणकिणत होती. एक बाई शांतपणे सांगत होती, “दाबा. पूर्ण सोडा. दाबा. पूर्ण सोडा.” मला वाटलं, माझंच काम कोणी दुसरं करतंय. मला फार बरं वाटलं. परत यायची मला काही घाई नव्हती, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्त कमी पडलं की मेंदू असली चित्रं काढतो. असेल. पण ती बाई खरी होती. ती मोबाइलमधून बोलत होती.

झालं होतं असं. मी कोसळलो, श्वास नाही. सुजातानं शेजारच्या दुकानातल्या मारोतीभाऊला रुग्णवाहिकेला फोन करायला लावला. तिच्या मोबाइलमध्ये सीपीआरचं ॲप होतं. सीपीआर म्हणजे छाती दाबून रक्त फिरवत ठेवणं. मोबाइल तळव्याखाली धरून छातीवर दाबायचा. किती खोल दाबलं ते त्याला आतून कळतं, तो टिक टिक करून ताल देतो आणि बोलतो. दोन इंच खोल जायला हवं, मिनिटाला शंभराच्या वर वेळा, आणि दरवेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. बाजारात नेटवर्क नसलं तरी ते चालतं.

शिकवताना तिला सांगितलं होतं, आधी बांगड्या काढा. तिनं ओढून पाहिल्या. निघेनात. मी भरल्या होत्या ना!

ती थांबली नाही. एका हातावर दुसरा हात ठेवल्यावर मधल्या बांगड्या चिरडल्या आणि काच मनगटात शिरली. हात घसरायला लागले, मोबाइल म्हणाला, “आणखी खोल दाबा.” ती दाबत राहिली. मग दर दोन मिनिटांनी मारोतीभाऊ आणि ती आलटून पालटून. मारोतीभाऊ कांदे विकतो, आयुष्यात त्यानं हे पाहिलेलं नव्हतं. त्यालाही त्या मोबाइलनंच शिकवलं. मग रुग्णवाहिका आली, शॉकचं यंत्र लागलं आणि हृदय ठिकाणावर आलं.

माझी ॲन्जिओग्राफी झाली, म्हणजे नळ्यांचा फोटो. तुंबलेल्या नळीत स्टेंट बसवला, म्हणजे जाळीची बारीक पुंगळी. तीन बरगड्या मोडल्या होत्या. “बरगड्या जुळतील,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “चांगलं दाबलं याचीच खूण आहे ती.”

बरगड्या जुळल्या. पण मारोतीभाऊनं फोनवर सांगितलं, सुजाताचं लग्न दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधून लागलं. नवऱ्याकडची एक मावशी म्हणाली होती, चुडा वाढला, तारीख पुढं ढकला. सुजाता म्हणाली, “मानूस वाचला ना मावशी. मंग अपशकुन कायचा?”

मला लाज वाटली. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कोणी बोलतसुद्धा नाही, वाढली म्हणतात, आणि माझ्या तोऱ्यापायी तिनं पट्ट्या बांधून लग्न केलं. घरी आलो तरी दोन महिने मी पेटी उघडली नाही. बायकोचा हात धरून पाहिला, माझी बोटं थरथरत होती. वाटलं, संपला आपला धंदा.

एका दुपारी सुजाता आली. खाटेजवळ बसून तिनं मोबाइलमधली रेघ दाखवली. नऊ मिनिटांची, खालीवर, खालीवर.

“हे इथी काच लागली, पाहा,” ती म्हणाली. मी पाहिलं. रेघ तिथं जराशी उथळ झाली होती, मग परत तेवढीच खोल गेली होती.

मग तिनं हात पुढं केला. मनगटावर पांढुरके व्रण होते. “माहा चुडा राह्यला चाचा. तुमीच भरा.”

“माहे हात कापून राह्यले पोरी.”

“माहेबी कापत होते.”

मी पेटी उघडली. दोन-सहाच्या हिरव्या काढल्या. हात धरला, दाबला, सोडला. बोटांना आठवलं.

तुमच्या गावातही कोणी हे ॲप घेत असेल तर आधी शिकून घ्यायला सांगा. मोबाइल नुसता सांगतो, दाबावं हातांनाच लागतं. आणि नर्स, आशाताई, ज्यांच्या हाताला असलं काम पडू शकतं, त्यांना मी आता घट्ट भरत नाही.

“काढून पाह्य,” मी सुजाताला म्हटलं.

तिनं बोटं जुळवून हात खाली सोडला. बाराच्या बारा बांगड्या एकदम माझ्या ओंजळीत उतरल्या.

“निघल्या, चाचा!”

तीस वर्षांत पहिल्यांदाच मला या शब्दाचा आनंद झाला. मी त्या परत तिच्या हातात भरल्या, तशाच सैल.