फुलाफुलांची छत्री आणि बिरदेवची गोळी

निमोण्याच्या माळावर फुलाफुलांची छत्री घेऊन मेंढरं राखणारा म्हातारा दिसला, तर हसू नका. गावाच्या वाटणीचं मी हसून घेतलंय. तो आमचा बिरदेव. छत्री सुनेची, सुषमाची. जन्म उन्हात काढलेला हा गडी आता उन्हाला भितो. त्याला कारण एक गोळी, आणि त्या गोळीच्या कृपेनंच तो मला चिडवायला शिल्लक आहे.

दोन वर्षांपूर्वी शिरूरच्या बाजारात कोकराचा भाव करता करता बिरदेव खाली बसला, तो उठेचना. लोक म्हणाले, भाव ऐकून घेरी आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजाचे ठोके उधळलेत. छातीला विजेचा झटका दिला, शिरेतून औषध सोडलं, तेव्हा कुठं ठोके वाटेवर आले. घरी सोडताना रोजची गोळी दिली आणि बजावलं, मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. आणि उन्हापासून जपा, ह्या गोळीनं कातडी लवकर भाजते.

आता धनगराचा कायदा निराळा. आजारी मेंढरू रवंथ करायला लागलं की औषध बंद. बिरदेवला भाकरी गोड लागायला लागली, माळ चढताना दम लागेना, तसा त्यानं स्वतःलाही तोच कायदा लावला. बायकोला, तानुबाईला, पत्ता नाही. गोळी मुठीत, वर तांब्याभर पाणी. सोंगात गडी पहिल्यापासून तरबेज. लग्नात असा रुसला होता की सासऱ्यानं स्वतःचा फेटा काढून दिला.

दोनेक महिने काही झालं नाही. मग लोकर कातरताना हातातली कातर गळाली. तानुबाईनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि पोराला, मल्हारला, तडक पिकअप काढायला लावली.

पुन्हा तोच दवाखाना, तीच सुई. तोंडात शब्द आल्याबरोबर बिरदेवनं सगळं कबूल केलं. तानुबाईनं कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आबा, बरेच दिवस लांडगा आला नाही म्हणून तुम्ही राखणीचं कुत्रं हाकलून देता का?"

बिरदेवनं उशीवरच मान हलवली.

"न्हाई बाई. कुत्रं हाय म्हणून तर त्यो येत न्हाई."

तेव्हापासून गोळी चुकली नाही. चुकेल कशी? मेंढराला औषध पाजतात तसा तानुबाई त्याचा जबडा धरते, गोळी टाकते आणि गळ्यावरून हात फिरवून गिळली का बघते. हे मी पारावर करूनसुद्धा दाखवलंय. लोकांनी पुन्हा करायला लावलं.

बिरदेवच्या घरचं पहिलं घोंगडं दरसाल बिरोबाच्या देवळात जातं. यंदा ते डॉक्टरीणबाईंकडं गेलं. मी म्हटलं, लेका, देव कोपला म्हंजी?

त्यानं छत्री सारखी केली.

"देवाला ठावं हाय, औंदा राखण कुणी केली ती."