एका खोक्यातलं रेगे

जुन्या रेकॉर्डी विकणारे आमचे सदूभाऊ बैठकीची लावणी कुणी चुकून फडावरच्या लावणीत ठेवली तर गिऱ्हाइकावर डाफरतात. त्याच माणसाने जमैकाच्या सगळ्या रेकॉर्डी एका खोक्यात कोंबून वर चिठ्ठी डकवली होती, ‘रेगे’. माझं डोकंच फिरलं.

“भाऊ, यातलं निम्मं रेगे नाहीच!”

“सगळं एकच हो. समुद्रकाठी पडून ऐकायचं.”

मी त्यांना तिथल्या प्रत्येक प्रकाराची, जुन्यापासून नव्यापर्यंत, एकेक रेकॉर्ड लावायला लावली. स्का सुरू झालं आणि भाऊंचा पाय ठेक्यावर धावू लागला. रॉकस्टेडीला तो सावकाश झाला. रेगेत वाट पाहून, पहिला ठोका सोडून पडू लागला. डबमध्ये गाणारा गळाच निघून गेला, मागे नुसते खर्ज आणि ढोल घुमत राहिले, तेव्हा पाय हवेतच थबकला.

एका बेटाने घाम गाळून इतक्या चाली घडवायच्या आणि आपण त्यांना सुटीतला वारा समजायचं!

“कळला ना फरक?” मी विचारलं.

“कसला फरक? सगळं एकच,” म्हणत भाऊंनी सुटत आलेली चिठ्ठी अंगठ्याने पुन्हा घट्ट दाबली. खाली त्यांचा पाय अजून हवेतच होता.