सगुणाबाईंनी माझ्यासोबत काढलेला फोटो

मंडळी, चामोर्शीच्या जनसंपर्क कार्यालयातून आत्ताच घरी आले. बोलायचंही त्राण नाही, पण हे तुम्हाला सांगायचंच आहे.

आमच्याकडची माणसं धान निघालं की मिरची तोडायला तेलंगणात जातात. मागच्या हंगामात सगुणाबाई आणि त्यांच्या गावच्या बाया तिथे अडकल्या. ठेकेदार घरी सोडेना. आमदार म्हणून तिकडच्या अधिकाऱ्यांना फोन करकरून मी त्यांना परत आणलं. मग विधानसभेतही बोलले. अशा मजुरांची गावातच नोंद करा, अडवून ठेवणाऱ्यावर गुन्हा दाखल करा, म्हटलं. "तपासून पाहू," असं उत्तर मिळालं.

आज सगुणाबाई आल्या. "ताई, एक फोटो काढू द्या ना तुमच्यासंग."

बरं वाटलं. लोक आठवण ठेवतात, असं मनात आलं. पदर सारखा केला, हसले. फोटो निघाला.

मोबाईल पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "उद्या चाललो पुन्हा मिरचीले."

"पुन्हा? काऊन जाता बाई? मी तिकडे विधानसभेत तुमच्यासाठी भांडून राह्यली ना!"

"भांडा ना ताई. पण इथी काम नाई. अन् तुमचा कायदा काही आमच्यासंग गाडीत बसून येत नाई. ठेकेदारानं अडवलं तर त्याले हा फोटो दाखवतो."

मघापासून फोटोतला माझाच तो हसरा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

मला एवढंच सांगा, ज्या बाईकडे आमदारासोबतचा फोटो नाही, तिनं ठेकेदाराला काय दाखवायचं?