डावीकडचा स्पीकर

आमच्या घरात होम थिएटर आलं ते सिनेमे बघायला नव्हे, वडिलांना घरात डांबायला. कट आईचा आणि माझा. बाबांनी सत्तरी गाठली तरी पहाटे होडी घेऊन जायचं काही सोडलं नव्हतं. आदल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी होडी कलंडता कलंडता राहिली. गुडघा टरारून सुजलेला, आणि हे घरापुढच्या खळ्यात बसून ती गोष्ट हसत हसत सांगत होते. आईने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, देवाला गाऱ्हाणं घातलं. देव बहुधा बाबांच्या पार्टीतला असावा. शेवटी हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मी पुढे झालो. माणसाला घरात करमलं की तो घरात बसतो, असा सिद्धांत मी मांडला, आणि २००६ च्या गणपतीनंतर कणकवलीहून खोके आणले.

खोक्यांतून पाच स्पीकर निघाले, एक ढब्बू डबा निघाला आणि एक माहितीपुस्तक. ते मी चार वेळा वाचलं. आमच्या तोंडवली गावात असं पुस्तक चार वेळा वाचलेला मी एकटाच असणार, आणि हे मी अभिमानाने शाळेत सांगितलंही. त्यात लिहिलं होतं की यंत्र नुसतं जोडून भागत नाही, ते खोलीप्रमाणे लावून घ्यावं लागतं. मग मी मीटरटेप घेऊन माजघर मोजलं. टीव्ही पश्चिमेच्या भिंतीला, खुर्ची बरोबर मध्ये, दोन स्पीकर पुढे, दोन मागे, पाचवा टीव्हीच्या डोक्यावर. बायकोला डाळीचा डबा काढायला रोज दोन वायरी ओलांडाव्या लागत. ती काही बोलत नसे, डबा तेवढा जोरात आपटत असे.

आधी चित्र लावायला घेतलं. उजळपणा किती, रंग किती, हे ठरवायचं होतं. आईने आयुष्यभर बाजारात मासे विकले, तिने या कामी स्वतःहून पुढाकार घेतला. पडद्यावर एक बाई बांगड्याचं तिखलं शिजवत होती.

"ह्यो बांगडो परवाचो आसा," आई म्हणाली.

"आई, बांगडो ताजोच आसा, रंग कमी आसा."

"मगे वाढय. कल्ले बघ, काळे पडलेत."

कल्ले तिच्या पसंतीला उतरेपर्यंत मी रंग वाढवत गेलो. बांगडा ताजा झाला. त्यानंतर बातम्या लागल्या तर बातम्या देणारी बाई उकडलेल्या कुर्लीसारखी लालबुंद. आईचं त्यावर काहीच म्हणणं नव्हतं, कारण ती बाई काही विकायला ठेवलेली नव्हती. मी गुपचूप रंग उतरवायचो आणि दुसऱ्या दिवशी बांगडा पुन्हा शिळा व्हायचा.

आवाजासाठी मात्र मला खरा जाणकार हवा होता. आणि वाडीतला सर्वांत तरबेज कान आमच्याच घरात होता. बाबा पहाटे खळ्यात समुद्राकडे तोंड करून उभे राहत आणि गाज कुठून येते ते ऐकत. उत्तरेकडून आली तर होडी लोटायची, दक्षिणेकडून आली तर वर ओढायची, हा त्यांचा नियम. त्यांच्याबरोबर जाणारे वाडीतले दोघे फळीवर बसून वाट बघत आणि बाबांनी मान हलवली की उठत. समुद्राची परीक्षा करणारा कान माझ्या स्पीकरांची परीक्षा करणार, आणि त्या निमित्ताने बाबा खुर्चीत बसायला शिकणार. एका दगडात दोन पक्षी मारणाऱ्याला दगड कुठे पडतो ते बघायचं सुचत नाही.

यंत्रात एक चाचणीचा आवाज होता. सूऽऽ असा तो एकेका स्पीकरमधून वाजत खोलीभर फिरायचा. बाबा खुर्चीच्या टोकावर, उतरायची घाई असलेल्या माणसासारखे बसले. मी आवाज सुरू केला आणि ते एकदम ताठ झाले.

"ही गाज खंयसून हाडलस?"

"गाज नाय ती, बाबा. चाचणी आसा. आवाज खंयसून येता तां सांगा."

"उजव्या बाजून."

तो डावीकडचा पुढचा होता. मी वायर तपासली. मग डावीकडचा मागचा लावला.

"परत उजव्या."

डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल झाली असणार, हे कोणीही सांगितलं असतं. मी त्या बदलल्या. बाबांचं उत्तर बदललं नाही. मी पुन्हा बदलल्या, स्पीकर उलटेपालटे केले, पुस्तक पाचव्यांदा वाचलं. दुकानदाराला फोनवर सदोष माल विकल्याबद्दल विज्ञानाच्या आधारे झापलं. त्याने कुडाळहून माणूस पाठवला. त्या माणसाने अर्धा तास सगळं तपासलं, चहा घेतला आणि म्हणाला, "सर, सिस्टिम एकदम बरोबर आहे." मी मनात म्हटलं, याला काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उजवीकडचे दोन्ही स्पीकर काढूनच ठेवले. त्यांच्या वायरी माझ्या हातात होत्या. डावीकडचे तेवढे वाजत होते, आणि बाबा डोळे मिटून, पूर्ण खात्रीने म्हणाले, "उजव्या बाजून."

मी हातातल्या वायरींकडे बघत राहिलो. मग बाबांच्या डाव्या बाजूला गेलो आणि हळूच हाक मारली. त्यांनी मान उजवीकडे वळवली.

खळ्यात समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात दक्षिणेला येतो. होडी वर ओढायला सांगणारी गाज नेमकी ज्या बाजूने येते, त्या बाजूचा कान बाबांना नव्हताच. कधीपासून, कुणास ठाऊक. त्यांना सगळी गाज उत्तरेची वाटत होती, रोज मान हलत होती आणि रोज तीन माणसं समुद्रात जात होती.

बाबांनी डोळे उघडले. माझ्या हातातल्या वायरी बघितल्या, भिंतीला टेकवलेले सुटे स्पीकर बघितले. मला काही सांगावंच लागलं नाही.

"आवशीक सांगू नको," ते म्हणाले.

मी आईला सांगायला हवं होतं. पण त्यांनी आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि मला ते आवडलं, हे कबूल करतो. तह असा ठरला की यापुढे गाज मी ऐकायची, आणि माझ्या कानाशिवाय होडी लोटायची नाही.

पहिल्या पहाटे मी खळ्यात उभा राहिलो. त्या आवाजात जन्मलो, वाढलो, पस्तिशी ओलांडली, आणि तो कुठून येतो ते मला सांगता येईना.

"सगळीकडसून येता," मी म्हणालो.

"मगे त्या थेटरान तुका काय शिकयलान?"

मग त्यांनी मला लावायला घेतलं. मी स्पीकर लावताना जी चिडचिड केली होती तिच्या निम्मीही त्यांनी केली नाही. तोंड थोडं उघडं ठेव, श्वास सोड, एका लाटेच्या मागे लागू नकोस, असं सांगत राहिले. आठवड्याभरात मला खरंच कळायला लागलं. माझ्या शब्दावर होडी जाऊ लागली, आणि शाळेत एकही पोर माझं ऐकत नसताना इकडे समुद्रात जाणारी माणसं माझं ऐकतात म्हणून मी तोऱ्यात चालू लागलो.

आईचा प्रश्न मात्र रोजचाच होता. "खंय बसतत ते घरात? तुझा थेटर काय पूजेक ठेवलंस?" आणि एका पहाटे, गाज उत्तरेकडून स्पष्ट येत असताना, मी म्हणालो, "दक्षिण."

बाबांनी दोघांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही मी दक्षिण म्हणालो. तिसऱ्या दिवशीही. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. आईने त्या दिवशी घावणे केले.

चौथ्या पहाटे मी तोंड उघडायच्या आत बाबांनी थांबवलं, "रवांदे." समुद्र तळ्यासारखा पडला होता. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

"कान गेलो माझो. डोळे आसत मां? चार दिस पाणी असा शांत, आणि तुझी गाज दक्षिणेक?"

ते माझ्याकडे वळले.

"माका घरात बसवूचा होता तर तसा सांगूचा. गाजेक खोटी कित्याक पाडतंस?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मुलांना खरं बोलायला शिकवून पगार घेणारा मी, खळ्यात चपलेने जमीन टोकरत उभा होतो. मला लाज वाटली, आजही वाटते. बाबांनी फळीवर बसलेल्या दोघांना जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं, कान गेल्याचंही. होडी तुम्ही चालवा म्हणाले. माझ्या खोटेपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. मग ते पाय धुऊन आत आले आणि कुणी न सांगता माजघरातल्या खुर्चीत बसले, या वेळी टोकावर नाही, अगदी पाठ टेकून. आई दारातून बघत होती. तिला हवं होतं तेच झालं होतं, तरी तिने पदर डोळ्यांना लावला.

मी घाईघाईने विचारलं, "काय लावू बाबा? सिनेमा लावू?"

"तो आवाज लाव. फिरता तो."

मी उजवीकडच्या सुट्या वायरी पुन्हा जोडून चाचणी लावली. सूऽऽ करत आवाज समोरून निघाला, उजवीकडे गेला, मागे गेला. बाबा डोळे मिटून होते.

"आता खंय?"

"डावीकडच्या मागच्या स्पीकरात."

"तसा नाय. नीट सांग."

"दक्षिणेक, बाबा."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "खरां मां?"

"खरां," मी म्हणालो. त्यांनी तरीही हात लांब केला आणि त्या स्पीकरच्या जाळीवर बोटं ठेवून ती थरथरते का ते बघितलं.